जोडीने बाहेर

२ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखी एक गेली. चहाच्या आधी कुणा गिऱ्हाइकाने बंद पडलेल्या वॉशिंग मशीनवरून सुरुवात करून थेट तिच्या आईवडिलांपर्यंत मजल मारली. तिने सगळं ऐकून घेतलं, हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेली. मला वाटलं, तोंडावर पाणी मारायला गेली असेल. दुपारी तिचा भाऊ येऊन खुर्चीवरचा स्वेटर घेऊन गेला. ती येणार नाही, एवढंच म्हणाला.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीचा तक्रार विभाग माझ्याकडे आहे. आमचा फोन वाजतो तो काहीतरी बिघडल्यावरच. ‘तुमचा फ्रिज फार छान गार ठेवतो हो’ असं सांगायला आजवर कुणी फोन केलेला नाही. दिवसभर शिव्या खायच्या आणि वर आभार मानायचे, यात माणसं टिकत नाहीत. साहेबांनी आज बोलावून सरळ सांगितलं, मार्चअखेर ही गळती थांबली नाही तर विभाग बंद, काम बाहेरच्या कंपनीकडे. म्हणजे माझ्यासकट सगळे घरी.

घरी येताना डोक्यात एक कल्पना आली, म्हणून ही डायरी उघडली. आमची ही अँब्युलन्सवर असते. जखमींना उचलायचं, हॉस्पिटल येईपर्यंत त्यांचा श्वास चालू ठेवायचा, हे तिचं रोजचं काम. तिच्या हातात माणसं जातात तरी ती दुसऱ्या दिवशी गणवेश चढवते. आमच्याकडे माणसं फ्रिजपायी नोकरी सोडतात. तिच्या लोकांकडे काहीतरी युक्ती असणार. ती सिंकपाशी उभी होती. मी विचारलं, वाईट दिवस गेला की तुम्ही काय करता? नळ चालू होता, पातेलं केव्हाच भरून वाहत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गाडी धुतो."

"आणि मग?"

तिने नळ बंद केला. "मग कुणीतरी विचारतं, काय खाल्लंस."

"कसं वाटतंय, असं नाही विचारत?"

"नाही. त्याचं उत्तर देता येत नाही माणसाला."

किती साधी गोष्ट. विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

विभागात नियम सांगितला: फोनवर कुणाला फार लागलं, तर ‘कसं वाटतंय’ विचारायचं नाही, ‘काय खाल्लंस’ विचारायचं. बडबडी लगेच म्हणाली, म्हणजे कुणी रडत असेल तर आपण चौकशी करायची की नाश्त्याला अंडं होतं का. सगळे खो खो हसले. ही आमच्याकडची सगळ्यांत जुनी बाई. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईकच आधी फोन ठेवतं. मीही हसलो, पण आतून चडफडलो. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही, म्हणून सगळ्यांत भडकलेली गिऱ्हाइकं मी त्यांच्या गळ्यात बांधतो.

घरी आलो तेव्हा ही सोफ्यावर बसली होती, अंगावर गणवेश, मांडीवर पिशवी. आत्ताच आलीस का म्हटलं, तर हो म्हणाली. लेक आतून ओरडली, केव्हाची आलीये, नुसती बसलीये. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली. म्हटलं, एका नियमावर भागायचं नाही, आणखी सांग. ती जरा वेळ भिंतीकडे बघत राहिली आणि मग सांगू लागली. घरी जायच्या आधी सगळे गोल करून बसतात. प्रत्येकाने दिवसातलं एकच वाक्य सांगायचं. त्यावर कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. नवा माणूस शेवटी बोलतो, म्हणजे तोवर त्याने बाकीच्यांचं ऐकलेलं असतं. आणि त्या दिवशी ज्याचं बिनसलं असेल, तो एकटा घरी जात नाही. जोडीदार दारापर्यंत सोडतो.

तुला कोण सोडतं, विचारलं. दादा, म्हणाली. दादा म्हणजे तिच्या गाडीचा ड्रायव्हर. मी त्याला आमच्या दारात कधी पाहिलेलं नाही, पण त्या वेळी मी तरी कुठे घरी असतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांपुढे आज जोडीचा नियम ठेवला. हिने परवा तो अगदी बारकाईने समजावला होता. प्रत्येकाला एक जोडीदार नेमायचा. आपण घसरतोय हे आपल्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं. त्याने हात वर केला की वाद नाही. काम खाली ठेवून दोघांनी बाहेर जायचं, ज्याचं बिनसलंय त्याने गरम काहीतरी प्यायचं, दुसऱ्याने ते संपेपर्यंत शेजारी नुसतं बसायचं.

दोन माणसं एकदम, साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फोन कोण घेणार, तुम्ही? मग मीच मधला मार्ग काढला. ज्याचं बिनसलंय त्याला एकट्याला पाठवू, जोडीदार त्याचे फोन घेईल. साहेब खूश, मीही खूश.

संध्याकाळी हे हिला सांगितलं आणि ती अंगावरच आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा असा आवाज मी ऐकलेला नाही.

"एकट्याला काढायचं नाही. एकट्याला काढलं की त्याला वाटतं आपणच नासके निघालो. गाडी आपल्याशिवाय निघून जाते आणि आपण फाटकात उभे. जोडी म्हणजे जोडी. दोघांना काढ, नाहीतर कुणालाच काढू नकोस."

लेक हातातली पेन्सिल तशीच धरून आमच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं, माझ्याकडे फ्रिज आहेत, गाड्या नाहीत. ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तत्त्वाला एवढी पक्की बाई विरळा. उद्या साहेबांशी भांडतो. जोडी बाहेर गेली की फोन मी घेईन म्हणतो, मग तर झालं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चाललं! अगदी ठरल्यासारखं चाललं.

एका गिऱ्हाइकाचा फ्रिज रात्रीतून बंद पडला होता, आत आईचं इन्सुलिन होतं. तो मास्तरांना म्हणाला, तिला काही झालं तर खुनी तुम्ही. मास्तर नेहमीच्या आवाजात ‘मी समजू शकतो’ म्हणत होते, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा. बडबडी त्यांची जोडीदार. तिने आपला फोन म्यूट केला आणि हात वर केला. मास्तर मानेनेच नको म्हणाले. तिने हात खाली घेतला नाही. शेवटी दोघे उठून चहाच्या खोलीत गेले आणि मी मास्तरांचा हेडफोन घातला. तो गृहस्थ मला काय काय म्हणाला ते इथे लिहायला नको, पण तासाभरात त्याच्या घरी दुसरा फ्रिज पोचवला.

काचेतून दिसत होतं. मास्तर दोन्ही हातांत सूपचा कप धरून बसलेले, बडबडी शेजारी गप्प. ती गप्प बसू शकते हे मला आज कळलं. नंतर तिने त्यांना घरापर्यंत सोडलंही, तिची बस उलट्या दिशेची असताना.

घरी आल्या आल्या हिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पुढे सरकून बसली. मास्तर रडले का, बाकीच्यांनी बघितलं का त्यांच्याकडे, सूप संपवलं का, उद्या ते त्याच खुर्चीवर बसणार ना. मी म्हटलं, त्याच खुर्चीवर, मग कुठे? ती म्हणाली, "बरं झालं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या कामाचं तिला इतकं अप्रूप आहे हे पाहून ऊर भरून आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

ही गणवेशाला इस्त्री करत होती. लेक जवळ जाऊन त्यात नाक खुपसून म्हणाली, आईच्या कपड्यांना हल्ली औषधाचा वास येत नाही. मी म्हटलं, साबण बदलला असेल. हिने इस्त्री उभी केली आणि हो म्हणाली. बरंच झालं, मला तो वास कधी आवडला नव्हता.

जेवताना तिने ताटातलं अर्धं लेकीच्या ताटात सरकवलं. वजन उतरवायचं खूळ बहुतेक.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

या महिन्यात त्या पहिल्या बाईनंतर एकही राजीनामा नाही. साहेबांनी ही गोष्ट वर कळवली, आणि मुख्य कचेरीतले लोक बारा मार्चला बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर विभाग वाचला. साहेबांच्या डोक्यातून निघालेली कल्पना अशी की, तुमच्या मिसेसना गणवेशात बोलवा, पाच मिनिटं बोलू द्या, त्याला वजन येईल.

मला वाटलं होतं ही आनंदाने उडी मारेल. तिने नाही म्हटलं. कारण विचारलं तर पुन्हा नुसतं नाही. मी म्हटलं, सगळं तुझंच तर आहे, मी किती अभिमानाने सांगतो सगळ्यांना. तर म्हणाली, "मी सांगितलं ते पुरे नाही का? मला कशाला उभं करतोस?" मग माझाही तोल गेला. सतरा माणसांची पोटं आहेत यावर, आणि तुझ्याच्याने पाच मिनिटं होत नाहीत, असं बोलून गेलो. ती उठून लेकीच्या खोलीत गेली आणि तिच्या अंथरुणात तिच्यामागे आडवी झाली. मी दार लोटून घेतलं. इतका हट्ट कशासाठी, मला कळत नाही. राग अजून गेलेला नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गंमत. दुपारी बँकेत जाताना सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर ही दिसली, गणवेशात, एकटीच, ऊन खात. हाक मारल्यावर दचकली. इथे कशी, तर म्हणाली ब्रेक आहे. गाडी कुठाय विचारलं तर मागच्या रस्त्याला म्हणाली. आत वाचनकक्षात शांत असतं, पाठ टेकता येते, म्हणून येते कधी कधी. मी तिला सोबत चहाला चल म्हटलं, पण तिला घाई होती.

किती चांगली पद्धत आहे, कामाच्या जागेपासून लांब जाऊन विसावा घ्यायचा. मार्चच्या सादरीकरणात घालतो.

४ मार्च, बुधवार

ही येत नाही तर नाही, दादाला आणतो. त्याचा नंबर लेकीच्या शाळेच्या कार्डावर होता, अडीअडचणीला म्हणून दिलेला. फोन केला आणि बारा तारखेचं सांगितलं. त्याने आधी विचारलं, ताई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बरी आहे की, तुम्ही रोज बघताच.  तो म्हणाला, ताईंना विचारलंत का? मी म्हटलं, तिला सांगू नका, तिच्यासाठी ते सरप्राइज आहे. फोन कट झाला की काय असं वाटावं इतका वेळ गप्प, आणि मग ‘येतो’. कमी बोलणारा माणूस दिसतो. त्याला थोडं आधी बोलवायला हवं, म्हणजे काय बोलायचं ते पढवता येईल.

ही हल्ली रोज संध्याकाळी दाराशीच विचारते, आज कुणाचा हात वर झाला का? मी सगळं रंगवून सांगतो. दिवसातलं तेवढंच एक बोलणं होतं आमच्यात. बाकी घरात अशी शांतता असते की चमचा पडला तरी आम्ही तिघेही दचकतो. भांडण मिटलं पाहिजे. बारा तारीख एकदा पार पडू दे.

१० मार्च, मंगळवार

लेकीच्या मनगटावर आज वळ दिसले, चार बोटांचे.  कुणी केलं विचारलं तर आधी सांगेना. मग म्हणाली, शाळेतून येताना आई घ्यायला आली होती, सिग्नलला सायरन वाजवत अँब्युलन्स गेली, आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने हात खूप घट्ट धरला. सोड म्हटलं तरी सोडेना. मग सायरन गेल्यावर सोडला आणि म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांचं मोठं काम आहे.

मी ताडकन स्वयंपाकघरात गेलो. ही ओट्याला टेकून उभी होती. म्हटलं, हे काय केलंस तिच्या हाताला? रस्त्यात गर्दी होती म्हणाली. मी तिच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहिलं असेल. गालांची हाडं वर आलेली. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू. मी विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

ती हसली. "हे विचारायचं नसतं ना?"

मग मलाही हसू आलं आणि विषय तिथेच राहिला. तिला सुट्टीची गरज आहे. बारानंतर कुठेतरी जाऊ.

१२ मार्च, गुरुवार

अक्षर कसं येतंय बघवत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

दादा सकाळी आला. गणवेश घातलेला, केस पाण्याने बसवलेले. पाहुणे यायला अवकाश होता. मी त्याला चहा दिला आणि हौसेने विभाग फिरवून दाखवला. ही गोल मांडलेल्या खुर्च्यांची जागा, हा हात वर करायचा नियम, ही सूपची खोली, हे दारापर्यंत सोडणं. गाडी धुण्यापासून सगळं तुमच्याकडचं आहे, म्हटलं. तो कप हातात धरून ऐकत होता, प्यायला मात्र नाही.

"भाऊजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या ताईंनीच."

"गाडी धुतो ते खरं आहे," तो म्हणाला. "बाकी यातलं आमच्याकडे काहीच नाही. एक कॉल संपला की दुसरा येतो, आम्ही जातो. घरी कुणी कुणाला सोडत नाही."

मी म्हटलं, तुम्ही तिला सोडता ना पण. त्याने कप खाली ठेवला. "ताई जानेवारीपासून गाडीवर नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ती रोज गणवेश घालून जाते."

"गणवेश घालून कुठे जातात?" त्याने मलाच विचारलं.

मग जे सांगितलं ते तो जमिनीकडे बघत बोलला. जानेवारीत एका घरातला कॉल होता, त्यानंतर तिचे हात कापायला लागले. सुया हातातून सुटायच्या. वरच्यांनी सांगितलं, घरी बसा, बरं वाटलं की या. तिला एकटीला उतरवलं आणि याला दुसरी जोडी दिली. ती फाटकात उभी होती आणि हा गाडी घेऊन निघाला. फोन करायचं मनात यायचं पण काय बोलायचं कळायचं नाही, असं म्हणाला. पुढे आणखीही काही म्हणाला असेल, मी हिला फोन लावत होतो. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

तेवढ्यात जिन्यावर साहेबांचा पाहुण्यांना आणतानाचा गोड आवाज आला. माझ्या हातात भाषणाचे कागद.  वाटलं, पाच मिनिटं बोलतो आणि जातो. सतरा माणसं. खरंच तसं वाटलं मला.

मास्तरांनी हात वर केला, माझ्याकडे बघत. मी मानेनेच नको म्हटलं. मग बडबडीने केला, मग तिच्या शेजारच्याने. साहेब दारात येऊन थबकले. बडबडी म्हणाली, "मास्तर बोलतील पाहुण्यांशी. तुम्ही निघा आता, वाद नको."

दादाने गाडी चालवली. मला एकच जागा माहीत होती.

ती वाचनकक्षात लांबलचक टेबलाच्या टोकाला होती, समोर नकाशांचं जाडजूड पुस्तक उघडं. मला पाहिलं, मागे दादाला पाहिलं आणि तिला कळलं. मी बोलायला तोंड उघडलं तर ग्रंथपालबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणून आयुष्यातलं सगळ्यांत अवघड बोलणं आम्ही कुजबुजत केलं.

"तुझे पाहुणे आज ना?"

"आले असतील."

"मग इथे काय करतोस?"

मी म्हटलं, ते सगळं तू मनाने सांगितलंस? ती हो म्हणाली. का, विचारलं. ती नकाशावरून बोट फिरवत राहिली.

"तू रोज विचारायचास, तुम्ही काय करता. आम्ही काही करत नाही, हे कसं सांगू? मग दिवसभर इथे बसून विचार करायचे, कुणी काय केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी ते तुला सांगायचे. आणि तू दुसऱ्या दिवशी ते खरंच करायचास. त्या मास्तरांसाठी वगैरे. मला ते ऐकायला फार आवडायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एकदाही मला विचारलं नाहीस, काय खाल्लंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मागे शेल्फाशी दादा रडत होता, तोंडावर रुमाल धरून. ती त्याला म्हणाली, दादा, बसा. तो तिच्या दुसऱ्या बाजूला बसला. आम्ही तिघे तसेच बसलो. मला लाज वाटत होती आणि तिचा हात धरायची भीती वाटत होती. मग ती म्हणाली, "तुमच्याकडे संध्याकाळी गोल करून बसतात ना, तिथे बाहेरचं माणूस चालतं का?"

१३ मार्च, शुक्रवार

पाहुण्यांपुढे मास्तर बोलले, फळ्यावर आकृती काढून. काय निर्णय होणार ते कुणालाच माहीत नाही. साहेबांनी आज माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. जे होईल ते होईल.

सकाळी सगळ्यांना जमवून सांगितलं की हे नियम अँब्युलन्सवाल्यांचे नाहीत, कुणाचेच नाहीत, माझ्या बायकोने एकटीने वाचनालयात बसून रचलेत, आणि का रचलेत तेही सांगितलं.   मग बडबडी म्हणाली, "रचलेले का असेनात. आणा त्यांना."

संध्याकाळी ती आली. साध्या कपड्यांत, लेकीची खाऊची पिशवी खांद्याला अडकवून, कारण तिची पिशवी कुठे ठेवली ते तिला आठवेना. दादा तिला दारापर्यंत सोडून परत फिरत होता, तर मास्तरांनी त्याच्यासाठीही खुर्ची ओढली. सगळ्यांनी एकेक वाक्य सांगितलं. कुणाला एका म्हातारीने फोनवर आशीर्वाद दिला होता. कुणाला नुसत्या शिव्या. मास्तर म्हणाले, त्या इन्सुलिनवाल्याला मी आज आपणहून फोन केला, त्याची आई बरी आहे. दादा म्हणाला, मी एकदाही फोन केला नाही. मग हिची पाळी आली.

ती मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली, "जानेवारीतला तो मुलगा गेल्यावरही मी त्याचा हात सोडत नव्हते, माझी बोटं दोघांनी मिळून सोडवली."

 लेकीचं मनगट डोळ्यांपुढे आलं, आणि मी उठायला लागलो. मी नवरा आहे तिचा. पण बडबडीने मला हातानेच खाली बसवलं. ती उठली, हिच्यापुढे जाऊन उभी राहिली, आणि दोघी चहाच्या खोलीत गेल्या. दार लागलं. काचेतून बघायचं नाही असं मी स्वतःला बजावलं आणि तरी बघितलं. ही पाठमोरी दिसली फक्त, खांदे हलत होते.

त्याच वेळी बडबडीच्या टेबलावरचा फोन वाजला. जोडी बाहेर असली की फोन मी घ्यायचा, असं मीच कबूल केलं होतं. एका बाईंचा फ्रिज तिसऱ्यांदा बंद पडला होता. त्या बोलत सुटल्या, दूध नासल्याचं, मेकॅनिक न आल्याचं, सासूबाईंनी काय ऐकवलं त्याचं. मी हेडफोन कानावर दाबून धरला. मध्येच त्या थांबल्या आणि संशयाने विचारलं, ऐकताय ना?

म्हटलं, ऐकतोय, सगळं सांगा, मला घाई नाही.